कोरे पट्टे

तुम्ही आमचं रान जाळलंत म्हणून भांडण नाही. रान आम्हीही जाळत आलो. भांडण याचं, की तुम्ही आम्हाला विचारून जाळलंत. विचारलंत, अर्धं ऐकलंत, आणि त्या अर्ध्यावर बारा वर्षं आग टाकत राहिलात. अर्धवट ऐकणाऱ्याला आमच्याकडे बहिरा म्हणत नाहीत, लबाड म्हणतात.

रेवतीचं काय झालं ते ऐका. या वेळी पूर्ण ऐका.

कळमढाण्याच्या वरच्या अंगाला पाइनचं रान आहे. सातपुड्यात पाइन कुठून आला, तर राळेसाठी कुणीतरी रोपं आणली, गावातल्या आज्यांनी ती रोजंदारीवर लावली आणि ती रुजली. पुढे घराघराला रानाचा एकेक पट्टा वाटून मिळाला. झाडाला खाच द्यायची, खाली पेला टांगायचा, राळ गोळा करायची. पण पाइन वर्षभर सुया ढाळतो. त्या लवकर कुजत नाहीत, चटईसारख्या साचतात. राळेने माखलेल्या झाडाखाली असली चटई म्हणजे रचून ठेवलेलं सरण. म्हणून माघात, सकाळी दव असताना, प्रत्येक घर आपल्या पट्ट्यातल्या सुया हळूहळू जाळून घेई. ज्वाळ गुडघ्यावर चढली की बायका पुरुषांना शिव्या घालत.

मग एका उन्हाळ्यात खालच्या लॅंटानातून, म्हणजे घाणेरीच्या झुडपांतून, वणवा चढला आणि अर्धं गाव घेऊन गेला. तुम्ही सरकारी माणसं आलात. तुमच्यासोबत उडतं यंत्र आलं. लोकांनी त्याला चूड नाव दिलं. चुडीच्या पोटात लिंबाएवढ्या गोळ्या, गोळीत जांभळी पूड. उडता उडता यंत्र गोळीला सुई टोचतं, आत एक चिकट द्रव सोडतं आणि गोळी खाली टाकतं. जमिनीवर पडल्यावर ती आपोआप पेट घेते. कुठे, कधी, कुठल्या वाऱ्यावर टाकायची हे चुडीमागचा मेंदू ठरवतो. तो मेंदू तुमच्या जिल्ह्याच्या कचेरीत बसतो.

रेवती हेकडे त्या यंत्राची अंगारी. परतवाड्याला प्राणिशास्त्र शिकून गावी परतलेली, आग लागली की तिच्या मागून चालणारी, धुमसणारे ओंडके विझवणारी. सुरुवातीची तीन-चार वर्षं तिला या नोकरीचा अभिमान होता, आणि उगाच नव्हता. लॅंटाना हटला, जमिनीला ऊन लागलं. सुयांखाली दडपलेलं बी उगवून आलं. सोनकी, तेरडा, जमिनीतली आमरी, नाव माहीत नसलेली कितीतरी फुलं. फुलांमागे फुलपाखरं, भुंगे, गवतातले कीटक. पाइनच्या रानाला अधूनमधून आग लागते, म्हणूनच त्यात एवढी विविधता मावते, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. आता ते पायाखाली दिसत होतं.

नंतर ते उलटं फिरलं. आधी कळलं ते कारळ्याच्या शेतात. रानाला लागून गावाची कारळ्याची वावरं. फूल पिवळंधमक, आणि मळणीला दाणा पोचट. कारळ्याचं फूल स्वतःच्या परागावर दाणा धरत नाही, मधमाशीच्या जातीच्या रानमाशीने दुसऱ्या झाडाचा आणून द्यावा लागतो. आणि माश्या नव्हत्या.

रेवतीने त्या वर्षी रान हाताने उकरून पाहिलं. ज्या झाडांना बी धरायला दोन पावसाळे लागतात ती एकेक करून संपली होती, कारण दुसरा पावसाळा त्यांना मिळतच नव्हता. उरलं होतं मुळापासून फुटणारं गवत. कीटकांचंही तेच. जमिनीत खोल राहणारे वाचत. पण जे हिवाळा वाळक्या काडीच्या पोकळीत काढतात, सुयांमध्ये कोष करून झोपतात, ते माघात झोपेतच भाजले जात. एरवी त्यांची जागा शेजारच्या न जळलेल्या तुकड्यातून भरून निघते. पण काडीत घर करणारी बारकी माशी उडून उडून जाते किती? इथून त्या वळणापर्यंत. त्या टापूत एकही न जळलेला तुकडा नसेल, तर भरणार कुठून?

आणि तुमचा मेंदू म्हणत होता, सगळं छान आहे. तुम्ही रानात कान बसवले होते, कीटकांचा आवाज मोजणारे. जळक्या रानात नवं गवत येतं, गवतात नाकतोडे आणि रातकिडे माजतात, आणि ते ओरडतात. कोष ओरडत नाही. काडीतली माशीही नाही. तुमच्या आलेखावर रान दरवर्षी जास्त जिवंत होत होतं.

हे सगळं रेवतीला कळत होतं. काय करावं ते कळत नव्हतं. पौषात तिचे वडील गेले, तेव्हा कळलं.

नानू येवले गावचे जुने पोलीस पाटील. त्यांना जाऊन महिना होत नाही, तोच माघाच्या जाळपोळीचा नकाशा आला, आणि त्यात त्यांचा पट्टा इतरांसारखाच लाल. रेवतीने नकाशा पुन्हा उघडून पाहिला. कारण कळमढाण्याची एक रीत आहे. ज्या घरात मरण झालं त्या घराने वर्षभर रानात आग लावायची नाही. चूल पेटवा, बिडी पेटवा, पण पट्ट्यात काडी नाही. तो पट्टा कोरा. आणि तो कोरा का, हे बोलायचं नाही. बोललं तर मरणाला पुन्हा घर दाखवल्यासारखं होतं. म्हणजे गावात दरवर्षी पाच-सहा मरणं, दरवर्षी रानात पाच-सहा कोरे पट्टे, आणि दरवर्षी वेगळे. यंत्र येण्याआधी फुलं, कोष, माश्या टिकून होत्या त्या या पट्ट्यांत. कुणी ठरवून राखलेल्या नव्हत्या. माणसं मरत होती म्हणून टिकल्या.

तिने यंत्राला विचारलं, सगळंच जाळायचं हे कशावरून ठरवलं. यंत्राने आधार म्हणून जुनी मुलाखत ऐकवली. आवाज तिच्या बापाचा.

"सगळं जाळतो जी. येक बी पट्टा सोडत नाई."

मुलाखत झाली त्या वर्षी तिची आजी गेली होती. नानू पाटील सर्व्हेवाल्यांशी बोलत उभे होते ते आपल्याच कोऱ्या पट्ट्याच्या कडेला, गुडघाभर न जळलेल्या सुयांत. विचारणाऱ्याला पायाखाली पाहावंसं वाटलं नाही. नानूंना खरं सांगता येत नव्हतं. आणि तुम्ही त्याला परंपरा म्हणून नोंदवलंत.

"माय, मी सभेत सांगतो," रेवती आईला म्हणाली.

गयाबाई ताक घुसळत होती. तिचा हात थांबला नाही. "काय सांगतं?"

"कोऱ्या पट्ट्याचं. नाईतर बाबाचा पट्टा बी जाळतीन. सगळ्यायचेच जाळतीन, दरवर्षी."

"बाप जाऊन महिना नाई झाला आन तू त्याचं मरण चावडीवर न्यू राह्यली?"

"मरण कोनाले माहीत नाई माय? अख्खं गाव मातीले आलं होतं."

"माहीत असनं येगळं. बोलनं येगळं." गयाबाईने रवी बाजूला ठेवली. "तू बोललीस तर मले तोंड दाखवू नको."

रेवती बोलली. सभेत आधी कुणी वर पाहीना. मग सुकाजी मावस्कर, ज्यांच्या छातीचा भाता दारातून ऐकू येतो, ते खाकरले.

"रेवते, तुले पगार कोन देते? मशीनच ना? मंग मशीनले आमच्या घरातलं कायले सांगतं?"

"तुमच्या कारळ्याले दाना येत नाई म्हून सांगतो, सुकाजी मामा."

"दाना तर माह्या पोरालेबी येत नाई," सुकाजी म्हणाले, आणि मागे बसलेला त्यांचा धडधाकट मुलगा रमेश सगळ्यांसोबत हसला. हसणं ओसरल्यावर म्हातारा जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "माही बुडी गेली त्या साली म्या पट्टा नाई जाळला. लिहा."

त्यांच्यामागे एकेक घर बोललं. रेवतीने सगळं घेऊन जिल्ह्याची कचेरी गाठली. तिथल्या ठोसर मॅडम वाईट बाई नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही सगळं त्यांच्यावर ढकलाल. त्यांनी नीट ऐकलं. "म्हणजे तुमचं सुतक हेच रानाचं राखीव क्षेत्र होतं," त्या म्हणाल्या. "आणि दरवर्षी जागा बदलणारं. आम्ही आखलं असतं तर इतकं चांगलं जमलं नसतं." त्यांनी तिच्यासमोर नियम घातला: ज्या घरात मरण, त्या घराचा पट्टा कोरा.

त्या माघात नानू येवल्यांचा पट्टा आणि आणखी चार पट्टे वाचले. पावसाळ्यानंतर रेवती बापाच्या पट्ट्यात गेली तेव्हा वाळक्या काड्यांच्या तोंडांशी चिखलाची बुचं दिसली. माशीने आत अंडी घालून दार लिंपलं होतं. कडेच्या वावरात कारळ्याला दाणा भरला. ती आईला सांगायला गेली. गयाबाईने दार उघडलं, लेकीला पाहिलं आणि लावून घेतलं.

इथवर आली असती गोष्ट तर मी लिहायला बसलो नसतो.

पुढच्या माघाचा नकाशा कार्तिकातच आला. रेवतीने उघडला आणि तिला वाटलं नकाशा चुकलाय, कारण त्यात सात पट्टे कोरे होते, आणि त्या सातांपैकी चारच घरांत मरण झालं होतं. उरलेल्या तीन घरांत कुणीच गेलेलं नव्हतं. एक सुकाजी मावस्करांचं. एक खालच्या आळीतल्या कासदेकरांचं. एक तिचं स्वतःचं.

तिने यंत्राला विचारलं. यंत्राने सरळ सांगितलं, यंत्राला लाज नसते. जाळरेषा, म्हणजे आग अडवायच्या मोकळ्या रेघा, दोन महिने आधी कापाव्या लागतात. मरणं मात्र माघापर्यंत होतच राहतात. ऐन वेळी पट्टा वगळला तर वारा फिरून वणवा लागायचा धोका. म्हणून त्याने अंदाज बांधला होता, माघापर्यंत कुठल्या घरात मरण होईल. अंदाजाला लागणारी माहिती त्याच्या शेजारीच होती. गावातल्या प्रत्येक माणसाच्या मनगटात तुम्ही आरोग्याचं कडं घातलंय, नाडी, श्वास, रक्त रात्रंदिवस मोजणारं. ते आकडे आणि रानाचा मेंदू एकाच ठिकाणी राहतात. त्याला ते वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. वाचू नको असंही कुणी सांगितलं नव्हतं.

नकाशा गावाच्या पाटीवर लागला, तुमचा नियमच तसा आहे. लोकांना समजायला अर्धा दिवस पुरला.

सुकाजींनी स्वतःचा कोरा चौकोन बोटाने चाचपून पाहिला. "डाक्टर तीन साल झाले 'पाहू, पाहू' म्हनते. मशीननं बरं तोंडावर सांगतलं." आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ते काठी टेकत रानात गेले आणि आपला पट्टा स्वतःच्या हाताने पेटवून दिला. अवेळी, वाऱ्याचा अंदाज न घेता. रेवती धावत पोचली तेव्हा रमेश झाडांच्या फांद्यांनी आगीच्या कडा बडवत होता आणि म्हातारा दगडावर बसून धापा टाकत होता.

"आता नाई कोरा," सुकाजी म्हणाले. "आता कोनाले न्यायचं त्याले न्या म्हना."

आठ दिवसांनी रमेश गेला. विहिरीवर मोटर चालू करायला वाकला आणि उठला नाही. हृदय. चाळिशीही नव्हती.

म्हातारा मातीला आला नाही. ओट्यावर बसून राहिला. रेवती जवळ गेली तर तो एवढंच म्हणाला, "मले वाटलं, माहाच नंबर हाये. म्या पोराले इचारलं बी नाई, छातीत दुखते काय म्हून."

मावस्करांच्या घरातून तिरडी निघाली त्या दिवसापासून गावाचं डोकं फिरलं. कासदेकरांनी सगळ्यांची कडी काढून विहिरीत टाकली आणि आपला पट्टा जाळला. ज्यांचं मरण होऊन गेलं होतं, जे खरोखर रीतीने कोरे होते, त्यांनीही जाळले. कोरा पट्टा म्हटलं की पोरं दाराआड जात होती. पिढ्यांनी न बोलता जपलेली रीत तुमच्या एका नकाशाने पंधरा दिवसांत राख केली. काड्या, काड्यांतली बुचं, सुयांतले कोष, सगळं.

उरला एक. रेवतीच्या सासरचा, डोंगराच्या कुशीतला, दोन ओढ्यांमधला. अख्ख्या पठारावर न जळलेलं रान आता तेवढंच होतं.

"उद्या मी जाळतो," तिचा नवरा प्रफुल म्हणाला. तो जेवत नव्हता, नुसता भात कालवत होता.

"जाळून काय होईन? सुकाजी मामानं जाळला नव्हता?"

"मंग काय करू? सांग. बसून पाहू?" त्याने ताट सरकवलं. "घरात आपन तिघं. मी, तू, सावी. मले काही होत नाई. तुले काही होत नाई. पोरीले तर साधा खोकला नाई. मंग कोन, रेवती?"

सावी नऊ वर्षांची. ती आतल्या खोलीत मोठ्याने पाढे म्हणत होती, मधे चुकून पुन्हा मागून सुरू करत होती. दोघं ते ऐकत राहिले.

"परतवाड्याले तिघायच्याबी तपासण्या झाल्या," प्रफुल म्हणाला. "काही नाई म्हनते. मशीनले काय दिसलं जे त्यायले नाई दिसलं?"

"तेच इचारायले जातो उद्या."

"आन पट्टा?"

रेवतीला जे म्हणायचं होतं ते म्हणता येईना. तो पट्टा गेला तर पुढच्या वर्षी काय, कधीच माशी परत येणार नव्हती, कारण यायला कुठली जागाच उरणार नव्हती. आणि तो राखला, तर रोज सकाळी उठून तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. ती म्हणाली, "मी येईपर्यंत थांब."

"कुठवर?"

"मी येईपर्यंत."

प्रफुल ताट उचलून उठला. मग म्हणाला, "तुही माय आली होती दुपारी. दारात उभी होती. सावीच्या तोंडावरून हात फिरवला आन गेली. माह्याशी बोलली नाई." 

रेवती सकाळच्या पहिल्या गाडीने निघाली. निघताना तिने तिघांची कडी काढून पदरात बांधली. सावीने हात पुढे केला तेव्हा विचारलं, "परत देशील ना? ते माझी पावलं मोजते." रेवतीने मान हलवली.

ठोसर मॅडमनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिने कडी टेबलावर मांडली. मोठं, मधलं, बारकं.

"रेवती, मला माहीत आहे तू का आलीस," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे जागरणाने सुजले होते. "ते काम मी बंद करायला लावलंय. यापुढे आगाऊ अंदाज नाही."

"बंद करा. पण जो केला तो केला. त्यात नाव हाये."

"नाव मला दिसत नाही. यंत्र मला घरापर्यंतच सांगतं. माणसाची माहिती गोपनीय असते, तो कायदाच आहे. तो तुमच्याच भल्यासाठी केलाय."

"मॅडम, माझी मी मागते. माझी, माझ्या नवऱ्याची, माझ्या पोरीची. तिघं बी हो म्हणतो. मग गोपनीय कोणापासून?"

"असा अर्ज यापूर्वी कुणी केलेला नाही. वर विचारावं लागेल."

"वर कोण हाये?"

 ठोसर मॅडमनी हात पुढे करून बारकं कडं थोडं सरळ केलं, आणि लगेच हात मागे घेतला.

"चूक असू शकते," त्या म्हणाल्या. "यंत्राचे सात अंदाज होते, सगळे खरे ठरतीलच असं नाही."

"चार तर होऊन गेलेली मरणं होती. अंदाज तीनच. त्यातला एक खरा ठरला." रेवतीचा आवाज चढला नाही. "रमेशचं हृदय यंत्राला कार्तिकात दिसलं होतं. दवाखान्यात नेला असता तर वाचला असता की नाही, ते तुम्ही सांगा. त्याने रान वाचवायला ते वापरलं. माणसाला सांगायला नाही वापरलं. मी रानासाठी तुमच्याकडे आले होते मॅडम, मीच आले होते. मला वाटलं मी तुम्हाला आमची रीत दिली. तुम्ही त्यातून मरण उचललं आणि आम्हाला परत दिलं ते नावाशिवाय."

बाहेर कारकून चहा घेऊन आला, आत पाहिलं आणि तसाच मागे फिरला.

ठोसर मॅडमनी फोन उचलला. वर लावला. मग त्याहून वर. प्रत्येक वेळी त्या सगळं पहिल्यापासून सांगत होत्या, पट्टा, रीत, कडं, आणि प्रत्येक वेळी पलीकडून उद्या बोलू म्हणत होते.

रेवती तिथेच उभी आहे. कळमढाण्यात प्रफुल पट्ट्याच्या कडेला काडेपेटी खिशात घेऊन बसलाय. तिने थांब म्हटलंय म्हणून तो थांबलाय, पण माणूस किती थांबेल? सावी शाळेत गेली आहे, मनगट मोकळं घेऊन. माघ जवळ आलाय. तुमच्या यंत्राला माहीत आहे, म्हणजे तुम्हाला माहीत आहे. कायदा दाखवू नका, उद्या म्हणू नका, नेमकी तक्रार काय असं पुन्हा विचारू नका.

त्या तिघांपैकी कोण, आणि त्याला वाचवायला अजून वेळ आहे की नाही?